मनगट वळतच नाही!

"बाबा, त्यांचं मनगट वळतच नाहीये!" आज बडोद्यात मर्दानी खेळांतला दांडपट्टा बघताना पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं. नेमकं पकडलं पठ्ठ्याने.

दांडपट्टा म्हणजे लांब पात्याची तलवार. तिचा खोबळा, म्हणजे मुठीवरचं धातूचं आवरण, कोपरापर्यंत हात झाकतो. आत आडवी मूठ, तीच धरायची. म्हणजे हात आणि पातं एका रेषेत, मनगट कैदेत. वार काढायचा तो खांद्यातून आणि कमरेतून. पाऊल चुकलं की पट्टा आपल्याच पोटरीकडे येतो. पातं लवचीक, अडलं की वाकून उसळतं. आणि आतली गादी सैल असेल तर खोबळा हातावर फिरतो, धारेऐवजी पात्याची चपटी बाजू लागते. खेळात पट्ट्याने कापायला ठेवलेलं लिंबू चिरायचं सोडून उडून जातं ते बहुतेक यामुळेच. (लोक मात्र लिंबालाच हसतात.)

पातं साधारण ४ फूट, हात २ फूट, वर पुढे टाकलेलं पाऊल. १० फूट तरी जागा मोकळी हवीच. आज प्रेक्षकांपुढची दोरी जेमतेम ६ फुटांवर, त्यातही मोबाईलवाले हात दोरीच्या आत.

"दोन पावलं मागे व्हा" म्हणायला एक माणूस उभा करणं इतकं अवघड आहे का हो?