सहा मिलिमीटरची शिकारी

१४ सप्टेंबर, रात्र

आजची सगळी संध्याकाळ होल्कोसेफाला फस्का या एका माशीच्या वाचनात गेली, आणि त्याचे मला समाधान आहे. दरोडेखोर माश्यांच्या असिलिडी कुळात ७,००० हून अधिक प्रजाती आहेत. त्यांतली ही अगदी लहान, जेमतेम ६ मिलिमीटर लांबीची, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात राहणारी. काडीच्या टोकावर बसून ती वर पाहत राहते आणि एखादा बारीक कीटक वरून गेला की झेपावते.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी दोऱ्यावरून मणी सरकवून तिची ही झेप वेगवान कॅमेऱ्यांनी टिपली. माशी मण्याचा पाठलाग करतच नाही. मणी आपल्याला ज्या दिशेला दिसतो ती दिशा बदलणार नाही अशा बेताने ती उडते, आणि त्यामुळे दोघांचे मार्ग पुढे आपोआप एका बिंदूत मिळतात. खलाशांना हा नियम धोक्याची खूण म्हणून ठाऊक असतो: समोरचे जहाज जवळ येत असूनही त्याची दिशा बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली. सुमारे २९ सेंटिमीटर अंतर उरले की मात्र माशी आपला मार्ग वळवते, वेग आवरते आणि जवळजवळ भक्ष्याच्या गतीने त्याला येऊन भिडते. माझे मन याच वळणापाशी पुन्हा पुन्हा जाते, कारण भरधाव जाऊन आदळण्यापेक्षा असे सोबत येऊन पकडणे कितीतरी अवघड आहे.

एवढ्याशा डोक्यात एवढी तीक्ष्ण नजर मावते कशी, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटला. भिंग जितके लहान तितका प्रकाश पसरतो आणि प्रतिमा धूसर होते. कीटकाचा डोळा अशा अनेक भिंगांचा बनलेला असतो; ती सगळी मोठी करावीत, तर डोळा डोक्यावर मावणार नाही. म्हणून या माशीच्या डोळ्यात फक्त समोरच्या छोट्या भागात सुमारे ७८ मायक्रोमीटर रुंदीची मोठी भिंगे आहेत, बाकीची बरीच लहान. त्या भागाची नजर ०.२८ अंशांपर्यंतचा फरक ओळखते, म्हणजे तिच्याहून दहापट मोठ्या चतुराच्या तोडीची. या सोयीची किंमत अशी की भक्ष्य त्या छोट्या भागासमोर धरून ठेवायला तिला आधी डोके वळवावे लागते. झोपण्यापूर्वी ती चित्रफीत मी पुन्हा संथ गतीने लावली, आणि या वेळी झेप सोडून केवळ ते डोक्याचे वळणे पाहिले.