पंचवीस तासांचे पाच दिवस

साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जायला आमच्या जहाजाला सात रात्री लागणार होत्या. मुलगा इंग्लंडात, लेक न्यू जर्सीत, आणि मधला अटलांटिक एकदा तरी पाण्यावरून ओलांडायचा ही ह्यांची जुनी हौस. बोट लागू नये म्हणून गोळ्या घेतल्या, आलेपाक घेतला. घड्याळाचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी उशीवर कार्ड ठेवलेलं: आज रात्री दोन वाजता घड्याळ एक तास मागे घ्या. असं एकूण पाच वेळा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, आणि एवढ्या उत्तरेला वीस-एकवीस नॉट्सनी, म्हणजे ताशी तेवढ्या सागरी मैलांनी, पश्चिमेकडे निघालेलं जहाज दिवसाला रेखांशाचे बारा-तेरा अंश कापतं. म्हणजे रोजचा जवळजवळ तास. विमानात हे पाच तास एकदम अंगावर कोसळतात, इथे हप्त्याने फेडायचे.

रोज तासभर फुकट झोप, म्हणून मी खूश. पण पोटाला कार्ड वाचता येत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला टक्क जाग आणि कडकडून भूक. डेकवर गेले तर एक गोव्याचा मुलगा ओल्या खुर्च्या पुसत होता. "जाताना बरं असतं मावशी," तो म्हणाला. "परतीला दिवस तेवीस तासांचा. मग आमच्याकडे दुपारी बाराचा थेट एक करतात. रात्रीची झोप तरी वाचते."

चौथ्या रात्री घोळ झाला. झोपण्यापूर्वी मी उशाचं गजराचं घड्याळ मागे केलं. रात्री हे उठले, त्यांना कार्ड दिसलं, त्यांनीही केलं. सकाळी साडेआठ म्हणून आम्ही थाटात नाश्त्याला, तर तिथे काटे-चमचे गोळा करणं चाललेलं! खरे साडेनऊ झाले होते. फोन फ्लाइट मोडवर, त्यात अजून इंग्लंडचीच वेळ, त्यामुळे तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून घड्याळाला हात फक्त मी लावायचा.

ह्यांची मनगटावरची एचएमटी तेवढी पुण्याच्या वेळेवर. ती बदलायला साफ नकार. हा हट्ट कामी आला, कारण आईला फोन तिच्या रात्रीच्या आठलाच करायचा, जेवण झाल्यावर. साउदॅम्प्टनला तेव्हा दुपारचे साडेतीन होते. मग अडीच झाले, दीड झाला, साडेबारा. चहाच्या वेळचा फोन सरकत सरकत जेवणाच्या ताटावर आला.

"तिकडे किती वाजले?" हा तिचा रोजचा पहिला प्रश्न, आणि रोज नवं उत्तर ऐकून वैताग. "बोट पुढे जाते आणि घड्याळ मागे? आमच्या गिरगावात मुंबई टाइम होता, तो बरा. स्टेशनच्या घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, पण रोज तेवढाच!" मुंबईचा तो स्वतंत्र टाइम पन्नासच्या दशकात गेला. आईच्या मनातून अजून गेलेला नाही.

न्यूयॉर्कला उतरल्यावर फोन केला तेव्हा सकाळचे साडेदहा. नंतर वहिनीने आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. एकेका चौकोनात आईच्या थरथरत्या अक्षरात आमच्या वेळा: ३.३०, २.३०, १.३०, १२.३०, ११.३०. शेवटच्या चौकोनात १०.३०, आणि खाली दोन शब्द: 'आता थांबा.'