वाईन शॉप टाकायचंय? आधी हे वाचा

गाळा रिकामा पडला की चार लोकं एकच सल्ला देतात, "वाईन शॉप टाक, त्या धंद्याला मंदी नाही". माझ्या मावसभावाच्या डोक्यात पण हेच बसलेलं आणि कागदपत्रांच्या मागे त्याच्यासोबत मी पण फिरलो म्हणून सांगतो, महाराष्ट्रात वाईन शॉपचं नवीन लायसन सामान्य माणसाला मिळतच नाही. ते एफएल-टू लायसन, सीलबंद विदेशी दारूचं (बऱ्याचदा नावालाच विदेशी, बाटली भरलेली असते इथेच), नवीन देणं सरकारने सत्तरच्या दशकातच बंद केलंय. राज्यभरात साधारण १,७०० दुकानं आहेत आणि तीच इकडून तिकडे फिरतात, कुणी ट्रान्सफर करून घेतं, कुणी पार्टनर म्हणून आत शिरतं. सरकारी फी कागदावर असते, खरा आकडा जुना मालक तोंडी सांगतो आणि तो कोटीत असतो.

मग उरते बिअर शॉपी, म्हणजे एफएल/बीआर-टू. फक्त बिअर आणि वाईन, सीलबंद, तिथे बसून प्यायची नाही. अर्ज एक्साईजकडे, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे, शेवटची सही कलेक्टरची. पोलिसांचा दाखला, भाडेकरार, नकाशा हे सगळं होऊन जातं हो, खरी गोची जागेची असते. शाळा किती लांब, देऊळ किती लांब, एसटी स्टँड किती लांब, सगळं मोजतात. त्यात हायवे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, नंतर २० हजारांच्या आतल्या वस्तीला २२० मीटर केलं, मग जुलै २०१७ ला नगरपालिका-महापालिका हद्दीला सूट दिली, त्यामुळे गाळा हद्दीच्या अलीकडे की पलीकडे यावर सगळा खेळ.

आणि मार्च २०२५ मध्ये अजितदादांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा वाईन शॉप असेल तर सोसायटीची एनओसी लागणार. भावाने भाड्याने घेतलेला गाळा नेमका बिल्डिंगखाली, आणि सेक्रेटरी आमचे शाळेतले सर! भाऊ म्हणाला, "सर, मी तुमच्याच वर्गात होतो". सर म्हणाले, "म्हणूनच देत नाही". झालं, दुसरी जागा शोधणं आलं.

बरं, लायसन मिळालं तरी निवांत नाही. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की उभी बाटली-आडवी बाटली मतदान लागू शकतं, आडवी जिंकली की दुकान बंद. मला विचाराल तर हे बरोबरच आहे, त्रास त्यांनाच होतो ना शेवटी. भावाला हे पटत नाही, तो वेगळा विषय.

एक काम मात्र त्याने हुशारीने केलेलं. लायसन हातात पडल्याशिवाय भाडं चालू होणार नाही, हे मालकाकडून करारातच लिहून घेतलेलं, त्यामुळे तो गाळा सोडताना डिपॉझिट पण परत मिळालं. तुम्ही पण घ्या लिहून.