फ्लेमिंगोंची मोजणी आणि कॉन्डा

फोटोतले पक्षी मोजायला कुठलं मॉडेल चांगलं, असं मला बरेच जण विचारतात. पायथन भाषेची आवृत्ती कुठली, मॉडेल चालवणाऱ्या पायटॉर्चची कुठली, आकडेमोड करणाऱ्या नमपायची कुठली, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझ्या मते आधी तेच विचारायला हवं. म्हणून आज मॉडेलवर नाही, ही सगळी सॉफ्टवेअर ठरलेल्या आवृत्तीत बसवणाऱ्या कॉन्डावर लिहितेय.

नवी मुंबईत नेरूळला टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत भरतीच्या वेळी फ्लेमिंगो येऊन उभे राहतात, कारण खाडीतल्या ज्या चिखलात ते चरतात तो तेव्हा पाण्याखाली असतो. तेवढ्या वेळात थवा एका जागी सापडतो. बांधावरून फोटो काढायचे, घरी येऊन मॉडेलला द्यायचे, आकडा नोंदवायचा. पक्षी साधारण नोव्हेंबरपासून दिसतात आणि मे संपता संपता जातात. पक्षी नसतात त्या महिन्यांत आमचा, म्हणजे माझा आणि भाचीचा, प्रोग्रॅम पडून असतो, पायथनचं जग मात्र थांबत नाही. जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं आणि जुन्या नमपायवर कंपाइल झालेल्या कितीतरी लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, त्यावर चालेनाशा झाल्या.

बंद पडलेला प्रोग्रॅम निदान कळतो तरी. मला खरी भीती वाटते ती निमूट चालत राहून वेगळा आकडा देणाऱ्या प्रोग्रॅमची. मॉडेल प्रत्येक पक्ष्याभोवती चौकट काढतं आणि आपली खात्री शून्य ते एकमध्ये सांगतं. आम्ही 0.25 च्या वरच्या चौकटी धरतो. लायब्ररी बदलली की फोटो लहान करण्याची पद्धत किंचित बदलू शकते, दशांशातले मागचे अंक हलतात आणि 0.251 ची चौकट 0.249 वर येते. दाटीवाटीने उभ्या थव्यात अशा काठावरच्या चौकटी भरपूर. पायटॉर्चच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलंय, की आवृत्ती किंवा प्लॅटफॉर्म बदलल्यावर हुबेहूब तेच उत्तर येईल याची हमी नाही. मग यंदा आकडा उतरला तर पक्षी घटले म्हणायचं, की सॉफ्टवेअर बदललं? ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण आसपासच्या पाणथळींसाठी लोकांना अजून भांडावं लागतं. तिथे असा संशयाचा आकडा घेऊन जायची माझी तयारी नाही.

कॉन्डा 2012 पासून आहे. ते मला आवडतं ते यासाठी, की ते फक्त पायथनची पॅकेजेस सांभाळत नाही. त्याखालच्या सी आणि सी प्लस प्लस भाषांतल्या लायब्ऱ्या, कूडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करायचं सॉफ्टवेअर), खुद्द पायथन, सगळं एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, बसवतं. पूर्वी ‘सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट’ वर ते ताटकळत ठेवायचं, ही तक्रार रास्त होती. 2023 मध्ये 23.10 आवृत्तीपासून कुठली पॅकेजेस एकमेकांशी जुळतात ते शोधणारा लिबमाम्बा सॉल्व्हर आपोआप वापरला जातो आणि फरक लगेच जाणवतो. यूव्ही हे पायथनची पॅकेजेस बसवणारं दुसरं साधन त्याहून चपळ आहे, ऑफिसच्या कामात मी तेच वापरते. पक्ष्यांसाठी मात्र कॉन्डाचा मिनीफोर्ज हा इन्स्टॉलर, आणि चॅनेल, म्हणजे पॅकेजेस घ्यायचं भांडार, एकच, कॉन्डा-फोर्ज. चॅनेलांची सरमिसळ नको. पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, काही घ्यायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, कारण पिपने केलेल्या बदलांचा कॉन्डाला नीट पत्ता नसतो.

आमची खरी अडचण दोन मशीनची. माझ्याकडे एमवन चिपचा मॅक. भाची ठाण्यात इंजिनिअरिंग करते, तिच्या लॅपटॉपवर उबंटू लिनक्स आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. “मावशी, तुझी फाइल घेतली पण एन्व्हायर्नमेंट बनतच नाही,” म्हणून तिचा फोन आला. साधं ‘कॉन्डा एन्व्ह एक्स्पोर्ट’ केलं की पॅकेजच्या आवृत्तीबरोबर मॅकसाठी बनवलेल्या नेमक्या प्रती, म्हणजे बिल्डही, फाइलमध्ये उतरतात. ते उबंटूला कुठून मिळणार? ‘फ्रॉम-हिस्टरी’ हा पर्याय जोडला तर आपण स्वतः मागितलेली पॅकेजेसच उतरतात. फाइल सुटसुटीत होते, पण मागताना आवृत्ती सांगितली नसेल तर तीही येत नाही. आम्हाला उपयोगी पडलं ते कॉन्डा-लॉक. एका एन्व्हायर्नमेंट फाइलवरून ते मॅक आणि लिनक्स, दोन्हींसाठी प्रत्येक पॅकेज नेमकं ठरवून एकाच लॉक फाइलमध्ये लिहितं.

तिचा पुढचा प्रश्न असा, की एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड कूडाची आवृत्ती दाखवतेय, मग मशीनवर कूडा टूलकिट का सापडत नाही? तो आकडा कार्डाचा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत साथ देईल, एवढंच सांगतो. पायटॉर्चला लागणारा कूडाचा भाग एन्व्हायर्नमेंटमध्येच येतो. ड्रायव्हर पुरेसा नवा असला की झालं. हे कळायला मुलांचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एवढं करूनही मॅक आणि एनव्हिडिया यांच्यात बारीक फरक राहू शकतो. म्हणून नोंदीचे आकडे फक्त भाचीच्या मशीनवरचे. माझ्या मॅकवर फोटो नीट आलेत का तेवढंच बघते. प्रत्येक आकड्यासमोर लॉक फाइलचं नावही लिहितो. हंगाम सुरू व्हायच्या आधी गेल्या वर्षीचे निवडक फोटो पुन्हा मोजायचे आणि आकडे जुळले तरच पुढे जायचं. मॉडेल किंवा लायब्ररी बदलणं भागच पडलं, तर मागचे सगळे फोटो नव्याने मोजायचे. मूळ फोटो ठेवल्यामुळेच हे जमतं, म्हणून हार्ड डिस्क भरली तरी मी ते काढू देत नाही.

ऐरोली किंवा उरणच्या बाजूला कुणी असं मोजत असेल तर कळवा, लॉक फाइल पाठवते. विंडोजवर हवी असेल तर यादीत एक प्लॅटफॉर्म वाढवायचा, तेही करून देईन.