बाबांच्या ब्लाइंडमधली थंडी

माझे सासरे अमेरिकेत, उत्तर विस्कॉन्सिनमध्ये राहतात, लेक सुपीरिअरपासून गाडीने तासाभरावर. लग्नानंतर त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना 'बाबा' म्हणू लागले. अकरा वर्षांत त्यांच्याही ते अंगवळणी पडलंय. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. बारा वर्षांचे असल्यापासून ते दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बसतात. इथला बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा असतो, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या शनिवारी बाबा कुठे असतील, हे घरात कोणाला विचारावं लागत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे वाचताना काहींना हे खटकेल. लग्नाआधी मलाही खटकायचं. इथे ती परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत होते, आणि ते मांस घरात वर्षभर खाल्लं जातं. मी स्वतः बंदूक हातात घेत नाही. पण बाबांच्या शेजारी बसते, आणि ते बसणं मला मनापासून आवडतं.

दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी बाबा सकाळी साडेनऊला परत आले. हातांची बोटं पांढरीफटक पडलेली. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून त्यांनी दोन्ही हात काखेत धरले आणि पंधरा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता पुरे झालं. पुढच्या वर्षी मी नाही जात." रक्ताभिसरण कमी झालंय हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण शिकारीला बसू नका असं ते म्हणाले नव्हते. फक्त गार पडू देऊ नका म्हणाले होते. मी बाबांना म्हटलं, "मला एक पावसाळा द्या." इथे पावसाळा नसतो, पण त्यांना कळलं.

त्यांचा ब्लाइंड म्हणजे शिकारीला लपून बसायची जागा: जंगलाच्या कडेला आठ फूट उंच खांबांवर उभी केलेली प्लायवूडची खोली. सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन बाजूंना सरकत्या खिडक्या. आमच्या साताऱ्याकडच्या शेतात रानडुकरं हाकलायला बांधतात तो माळाच, फक्त याला भिंती आहेत आणि बाहेर उणे पंधरा असतं.

गरम कपडे आणि मोठा हीटर आणला की काम झालं, असं सगळे सांगत होते. मी आधी थंडी येते कुठून ते बघायचं ठरवलं. मार्चमध्ये अजून बर्फ होता. तीन स्वस्त थर्मामीटर आणले. एक खांद्याच्या उंचीवर, एक गुडघ्याजवळ आणि एक जमिनीला टेकवून लावला. बाबांचा जुना छोटा हीटर लावून तासभर बसले. बाहेर उणे नऊ अंश. खांद्यापाशी अकरा, गुडघ्यापाशी चार, जमिनीवर उणे तीन. म्हणजे डोकं उबेत आणि पाय बर्फात. उंचावरच्या खोलीखालून वारा मोकळा वाहतो, आणि जमिनीला होतं काय, तर पाऊण इंचाचं प्लायवूड. माझे वडील माळ्यावर बसायला जाताना आधी पायाखाली पोतं टाकायचे, मग खांद्यावर घोंगडी घ्यायचे. थंडी पायातून चढते, हे त्यांना थर्मामीटरशिवाय ठाऊक होतं.

म्हणून सगळा पैसा आणि वेळ आधी जमिनीवर घातला. खालच्या बाजूने, वाशांच्या मधल्या खणांत दोन इंच जाडीचे गुलाबी फोमचे बोर्ड बसवले. हा फोम इंचाला आर-५ इतका उष्णतारोध देतो (आर हा आकडा जितका मोठा, तितकी ऊब टिकते), आणि ओल धरत नाही. उंदीर मात्र तो आवडीने कुरतडतात, म्हणून त्याखाली बारीक छिद्रांची लोखंडी जाळी आणि वर पातळ प्लायवूड ठोकलं. आत जमिनीवर मुलांच्या खोलीत टाकतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे, आणि त्यावर जुना गालिचा. गालिचा उबेपेक्षा आवाजासाठी. थंडीत कडक झालेल्या बुटाचा प्लायवूडवर एक जरी ठोका पडला, तरी शंभर पावलांवरचं हरीण मान वर करतं.

भिंतींना एक इंचाचा फोम पुरला. पण एक गोष्ट ठासून सांगते: हा फोम उघडा ठेवू नका. आत ज्योत असलेला हीटर आहे आणि फोम पेटला की त्याचा धूर विषारी असतो. मी तो सगळा पाव इंचाच्या प्लायवूडने झाकला आणि आतून काळा रंग दिला. आत अंधार असला की खिडकीत हललेला हात बाहेरून दिसत नाही.

खिडक्यांच्या बाबतीत माझी चूक झाली, आणि ती साधी नव्हती. फटी बुजवताना मी इतकी रंगात आले की एकही फट ठेवली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीच चाचणीला बसले. खोली अर्ध्या तासात छान तापली आणि काचांवर धुकं चढलं. पुसलं की पुन्हा. चाळीस मिनिटांनी कपाळात ठणका लागला. मला वाटलं, पहाटे उठल्यामुळे असेल. तेवढ्यात भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे वास नसलेल्या विषारी वायूचा, अलार्म वाजू लागला. तो मी आदल्याच दिवशी बसवला होता. दार उघडून जिन्यावर बसले तेव्हा हात थरथरत होते. त्या जागी काही दिवसांनी बाबा बसणार होते.

हीटरमध्ये हवेतला ऑक्सिजन कमी झाला की तो बंद पाडणारा सेन्सर होता, आडवा पडला की विझवणारं बटणही होतं. त्यावर मी विसंबले होते. पण तो सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्याचा अलार्म वेगळाच लागतो, आणि तो नसेल तर बंद खोलीत हीटर पेटवूच नये. त्या दिवसानंतर नियम झाला: समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या, काहीही झालं तरी. खालची एक वाऱ्याच्या बाजूची, वरची एक विरुद्ध बाजूची. ऊब थोडी जाते. जाऊ दे.

धुक्याचं कोडंही त्यातच सुटलं. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं. एक पौंडाचा छोटा सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ पाऊण लिटर पाणी वाफ होऊन त्या इवल्याशा खोलीत मिसळतं. शिवाय दोघांचा श्वास. हे सगळं गार काचेवर जमणारच. हीटर सर्वांत कमी आचेवर, चार हजार बीटीयूवर (बीटीयू हे उष्णतेचं माप) ठेवला की सिलिंडर साधारण साडेपाच तास टिकतो आणि ओल आटोक्यात राहते. खोली तापवायचा नाद सोडला. पहाटे वीस मिनिटं, मग बंद, मग तासाभराने पुन्हा थोडा वेळ. आत दोन-तीन अंश असले तरी पाय कोरडे आणि वारा बंद असेल तर माणूस बसू शकतो. बंदुकीवरची दुर्बीण मात्र हीटरपासून लांब, गार भिंतीशीच ठेवायची. गार काच उबेत आणली की तीही धुकटते. ब्युटेनवर चालणारी छोटी शेगडी घेऊ नका, गोठणबिंदूच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही.

वायव्येकडची खिडकी मी कायमची बंद केली. थंडीची लाट आली की वारा तिकडूनच येतो. बाबा आधी नाराज झाले, कारण १९८० च्या सुमाराला त्यांनी त्याच बाजूला एक मोठा नर पाहिला होता. पण त्या बाजूला हरीण असेल तर आपल्याकडून त्याच्याकडे वास जात नसला, तरी वारा आपल्या तोंडावर येतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते हसले आणि हो म्हणाले.

जिना हा खरं तर सगळ्यांत महत्त्वाचा भाग. उबेच्या गप्पांत तो मागे पडतो, आणि शिकारी जखमी होतात ते मोठ्या प्रमाणावर उंचावरून पडून. उभी शिडी काढून नवऱ्याने रुंद पायऱ्यांचा जिना केला, दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्यांवर छपराच्या खरखरीत पट्ट्या ठोकल्या. बंदूक रिकामी करून, दोरीला बांधून वर ओढायची, हातात घेऊन चढायचं नाही. ही बाबांची साठ वर्षांची शिस्त आहे, त्यात मी काही केलं नाही. दाराच्या कडीला तेल घालू नये, ते थंडीत घट्ट होतं. ग्रॅफाइटची पूड घातली.

मग माणूस. बाबा गाडीपासून ब्लाइंडपर्यंत अर्धा मैल बर्फातून सगळे कपडे अंगावर चढवून चालायचे. पोचेपर्यंत बनियन घामाने ओलं. तिथून पुढे थंडीला काही करावंच लागत नाही. आता जाड कोट, मोठे बूट आणि कोरडे मोजे छोट्या घसरगाडीवर मी ओढते. बाबा पातळ लोकरी शर्ट आणि नारिंगी जाकिटात, हळूहळू, दोनदा थांबून चालतात. आत गेल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं, अंग निवलं की मोजे बदलायचे, मग कोट. सुती काही नाही. बूट एक माप मोठे घेतले, कारण दोन जाड मोजे घट्ट बुटात कोंबले की रक्तच पोचत नाही. बुटातलं लोकरी अस्तर रोज रात्री काढून चुलीशेजारी वाळवलं.

हातांसाठी कमरेला बांधायची, दोन्ही बाजूंनी हात घालायची मऊ पिशवी शिवली. बंदूक चालवायला बोटांवर पातळ मोजाच हवा, म्हणून ऊब बाहेर ठेवली. पिशवीत गरम पुडी. तिच्यात लोखंडाचा कीस असतो, तो हवेने गंजतो आणि तापतो. त्यामुळे ती बसण्याआधी पंधरा मिनिटं उघडावी लागते. बुटात हवा कमी, म्हणून पायांच्या पुड्या वेगळ्या मिळतात. म्हाताऱ्या माणसाच्या उघड्या कातडीला पुडी लावू नये. त्यांना भाजलेलं उशिरा कळतं.

मांडीवर घोंगडी. ती मी माहेराहून आणलेली आहे, धनगरांनी विणलेली, काळी. बाबांच्या नातवंडांनी त्यांना महागडं नायलॉनचं पांघरूण दिलं होतं, ते उबदार होतं पण हललं की कागदासारखं वाजायचं. घोंगडी वाजत नाही, आणि थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. खाऊ म्हणून शेंगदाण्याचे लाडू कापडी पिशवीत, म्हणजे कागद चुरगळायला नको. थर्मासला मोजा चढवला. आणि एक रुंद तोंडाची बाटली. ७९ वर्षांच्या माणसाने दर दोन तासांनी बर्फाळ जिना उतरू नये, यात लाजण्यासारखं काय आहे?

गेल्या हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे उणे चौदा होतं आणि रात्रभर सहा इंच बर्फ पडला होता. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकार चालते. आम्ही त्याच्याही तासभर आधी आत बसलो. फटीतून येणारी हवा नाकाला झोंबत होती, पण पायाखाली काहीच जाणवत नव्हतं. साडेनऊ वाजले तेव्हा मी मुद्दाम घड्याळ बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. साडेदहाला एक मादी आणि दोन पाडसं बर्फातून गेली, इतकी सावकाश की पाडसाच्या पाठीवर साचलेला बर्फ दिसत होता. बाबांनी बंदूक उचलली नाही. बोट ओठांवर ठेवून माझ्याकडे बघितलं.

दुपारी दोनला मी त्यांना हातमोजे काढायला लावले. बोटं गुलाबी होती. त्यांनी ती माझ्यापुढे उघडझाप करून दाखवली.

अंधार पडेपर्यंत बसलो. उतरताना मी पुढे, ते मागे, कठड्याला धरून. शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाले, "फोम आणि गालिच्याने जमीन वर आलीय. खिडकीची चौकट मला आता दोन इंच खाली वाटते. कोपर नीट टेकत नाही."

"मग खुर्चीचे पाय कापू?"

"नको. खुर्ची चांगली आहे. उन्हाळ्यात चौकट वर घेऊ."

मी हातमोजा काढून वहीत लिहून घेतलं. दक्षिण खिडकी, दोन इंच.