तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सोज्वळ प्रेमकथांत मी काय वाचते

"मावशी, साधं चुंबन नाही, शेवट आधीच कळतो, मग त्या अमेरिकन प्रेमकथांत तू वाचतेस तरी काय?" भाचीचा हा प्रश्न. भिशीतल्या मैत्रिणींचा त्याला जोडून दुसरा: "आणि सारखा येशू येतो, ते चालतं तुला?"

लेकीच्या बाळंतपणाला मी मिनेसोटात होते. बाहेर गुडघाभर बर्फ, बाळ झोपलेलं. लेकीने लायब्ररीतून मोठ्या टायपातलं एक पुस्तक आणून दिलं. जॅनेट ओक यांचं 'लव्ह कम्स सॉफ्टली', १९७९ सालचं. जुन्या काळातल्या ख्रिस्ती प्रेमकथांची आज तिकडे कपाटंच्या कपाटं भरलेली असतात. ती वाट बरीचशी या पुस्तकाने पाडली.

मार्टी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे नवी जमीन करायला निघालेली आणि वाटेतच तो अपघातात जातो. पोटात मूल, परतीला पैसे नाहीत. त्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क नावाचा अनोळखी शेतकरी लग्नाचं विचारतो. त्याची बायको वारली आहे, लहानग्या मिसीला आई हवी आहे. तो सरळ सांगतो: वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेला परत जाईल, तेव्हा जायचं असेल तर भाडं मी देईन. घर तिच्या हवाली करतो आणि स्वतः घराला लागून असलेल्या पडवीत झोपतो.

मार्टीला स्वयंपाक येत नाही. सकाळ-संध्याकाळ पॅनकेकच. क्लार्क ते खातो आणि कामाला जातो. पानामागून पानं हेच: लाकडं, पाणी, कोंबड्या, थंडी. "काहीच घडत नाही" म्हणता ना, ते हे. मला तर त्यात सगळं घडताना दिसतं. हात न लावताही आपली काळजी करणारं माणूस घरात आहे, हे त्या पोरीला हळूहळू कळत जातं.

माझं लग्न दोन भेटींत ठरलं होतं. आमच्याकडे नळाला पहाटे साडेचारला पाणी यायचं, भरायचं काम माझं. पाठ दुखते असं मी एकदा सासूबाईंशी बोलले असेन. त्या रात्री यांनी गजराचं घड्याळ माझ्या उशाशी होतं ते उचललं आणि आपल्या उशाशी ठेवलं. बोलले काही नाहीत. सकाळी उठले तर पिंप भरलेलं. पडवीत झोपणारा क्लार्क वाचताना मला ते घड्याळ दिसलं. म्हणून मला या कथा परक्या वाटत नाहीत.

राहिला येशू. क्लार्क प्रार्थना करतो ती शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी, आणि मार्टीला त्याचं नवल वाटतं. जनाबाईचा विठोबा जात्यावर दळायला बसतो, हे ऐकत मी वाढले. मला का नवल वाटावं? उलट क्लार्कचा संयम त्या प्रार्थनेतूनच येतो. आपण कुणाला तरी जाब देणं लागतो, असं मानणारा पुरुष बायकोच्या असहायतेचा फायदा घेत नाही. या प्रकारातल्या काही पुस्तकांत मात्र उपदेश कथेच्या वर चढतो, ती मी अर्धी सोडते.

एक गोष्ट सलते, तीही सांगते. १८६२च्या होमस्टेड कायद्याने तिकडे १६० एकर जमीन मिळायची. पाच वर्षं राहून कसली की मालकी. पण ती जमीन रिकामी नव्हती, तिथे आधीची माणसं होती. या कथांमध्ये ती बहुतेक वेळा दिसतच नाहीत. पुस्तक कितीही आवडलं तरी हे मला विसरता येत नाही.

आणि शेवटाचं म्हणाल, तर मार्टी राहणार हे मला ठाऊकच असतं. तरी बर्फ वितळायला लागलं, तांडा निघायची वेळ आली की मी चष्मा पुसून घेते. भाडं द्यायला तो तयार असतो, दार उघडं असतं, आणि ती राहते.