पट्टीवरचं लंडन

कुडाळजवळ आजोळी मामाकडे एक दुनळी बंदूक आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं भातात उतरली की बार काढायचा, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची. परवान्यात तिची ओळख एवढीच: १२ बोअर, इंग्लिश. ती केली कोणी, हे शोधायचं गेल्या मे महिन्यात माझ्या डोक्यात बसलं.

नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव हाताळून झिजलंय. मामीकडून चिमूटभर तांदळाची पिठी घेतली, अक्षरांवर चोळली, बाजूने तिरपी बॅटरी मारली. '...मन अँड सन, लंडन' एवढंच उठलं. पुढचे आठ दिवस मी लंडनच्या बंदूकवाल्यांच्या याद्या चाळण्यात घालवले. फुकट गेले.

आधी नळ्या उतरवून खालची बाजू बघायला हवी होती. तिथे मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि बी, पी, सी ही अक्षरं. म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, नळ्या पारखणाऱ्या संस्थेचा, शिक्का, १८१३ ते १९०४ मधला. नळीत जास्तीची दारू ठासून बार काढायचे. टिकली तरच शिक्का. लंडन हे नुसतं दुकानाचं मिरवणं! बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांत नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा, नक्षी चौथ्याची. नाव मात्र विकणाऱ्याचं. आमच्या नळीवर करणाऱ्याची फक्त दोन आद्याक्षरं आहेत.

त्याच्याच शेजारी 'नॉट फॉर बॉल'. नळीचं तोंड आवळलेलं असल्याने गोळी घालू नका, छरेच वापरा, अशी ती ताकीद. हा शिक्का १८७५ ते १८८७ एवढाच चालला. नव्वद वर्षांची बारा झाली, त्या रात्री मला झोप नाही.

लंडनच्या पर्डीसारख्या बड्या बंदूकवाल्या घराण्यांच्या वह्या शाबूत आहेत, क्रमांकावरून साल सांगता येतं. आमच्या 'मन'ची वही कुठली असायला! मग जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या (छापील सालापेक्षा माहिती बहुधा वर्षभर शिळी), १८८१ ची जनगणना आणि 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रातल्या दिवाळखोरीच्या, भागीदारी मोडल्याच्या नोटिसा. जनगणनेत मालक हाताखाली किती माणसं, किती पोरं ते सांगायचे, त्यावरून दुकानाचा आवाका कळतो. तीन 'मन' सापडले. एकाचं दुकान १८७५ च्या आधीच बुडालेलं. उरलेल्या दोघांत निवाडा करणारा कागद मिळालेला नाही, म्हणून माझ्या वहीत दोन्ही नावं लिहून ठेवलीत.

या खटाटोपात एक गोष्ट मात्र पक्की कळली: बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याचा शिक्का तिच्यावर नाही. जुन्या काळ्या दारूचीच ती. मामाला म्हटलं, आजची बिनधुराच्या दारूची काडतुसं यात घालू नको, नळी फाटेल.

मामा नळीत तेलाचा बोळा फिरवत होता. म्हणाला, "गप ऱ्हव. डुकरांक म्हायत नाय मां!"